मान डोलेपर्यंत

एका गावात एक कॉलेज होते आणि त्या कॉलेजात तत्त्वज्ञानाचा एक वर्ग होता. वर्गात सात मुले होती. त्यांतली तीन नावापुरती, दोन पाऊस नसेल तेव्हा येणारी, आणि उरलेल्या दोघांपैकी एक हेमलता खरात. ही गावच्या पोस्टमनची मुलगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. मुलगी हुशार होती. पण जिवाला घोर लावून घेण्यात ती त्याहून हुशार होती.

घोराला कारणही होते. जो भेटेल तो तिला विचारी, तत्त्वज्ञान शिकून पुढे काय? पिठाच्या गिरणीवर विचारत, लग्नाच्या पंगतीत विचारत, एकदा तर दात काढताना डॉक्टरांनी विचारले, आणि तेव्हा तिला उत्तर देण्याची सोयही नव्हती. शेवटी वडिलांनी विचारले. माणूस वाईट नव्हता, पण जगाचे ऐकून ऐकून तोही घाबरला होता. या विषयात पुढे काही वाट आहे एवढे या वर्षात दाखव, मग एम.ए.पर्यंत शिकवीन, असे ते म्हणाले. नाही तर जूनपासून तालुक्याला नर्सिंगला जायचे. त्या दिवसापासून हेमलताला घास गोड लागेना.

वर्गाला शिकवणारे दातीर सर एकटेच होते. विषय पुस्तकात कोंडून मरू नये म्हणून ते सतत काहीतरी काढत. दर गुरुवारी चिंचेखाली चर्चामंडळ भरे. जिन्याजवळ भित्तिपत्रक लागे. बाजाराच्या दिवशी मुलांना पारावर बसवून समोर पाटी ठेवत, 'प्रश्न विचारा'. पहिला प्रश्न आला तो एस.टी. किती वाजता सुटते, असा. सरांनी तोही वहीत लिहून घ्यायला लावला.

त्या फेब्रुवारीत सरांनी फळ्यावर एक कागद लावला. मे महिन्यात विद्यापीठात महिनाभराचा अभ्यासवर्ग होता. राहणे-जेवण तिथेच, शिकवायला नावाजलेले प्राध्यापक, शिवाय एम.ए.च्या प्रवेशाला त्याचे वजन. जिल्ह्यातून जागा एकच. मार्चमधल्या वादसभेत जो जिंकेल त्याला ती मिळणार होती. हेमलताने कागद चारदा वाचला. 'एकच' हा शब्द तिने पाचव्यांदा वाचला.

या वादसभेचा नियम जुना आणि मोठा कडक होता. आधी दोघांनी आपापले म्हणणे सांगायचे. मग समोरच्याला खोडण्यापूर्वी त्याचे म्हणणे आपण मांडून दाखवायचे, आणि असे मांडायचे की ऐकून त्याची मान डोलली पाहिजे. मांडणी बरोबर की चूक, हे ज्याचे म्हणणे त्यानेच ठरवायचे. परीक्षकांनाही मध्ये बोलायचा हक्क नव्हता. तीनदा मांडूनही मान डोलली नाही, तर मांडणारा बाद. ज्याचे ऐकलेच नाही त्याला खोडणार कसे, असे दातीर सर म्हणत. नियम करणारी माणसे शहाणी होती. माणसाची जीभ खोटे बोलते हे त्यांना ठाऊक होते, मानेचा मात्र त्यांनी विचार केला नव्हता.

हेमलता एकेक फेरी जिंकत शेवटच्या फेरीत पोचली. विषय निघाला, दिलेला शब्द मोडावा का? चिठ्ठीत तिला 'प्रसंगी मोडावा' ही बाजू आली. समोर होता भागवत उगले. दुसऱ्या तालुक्यातल्या शिंप्याचा मुलगा, सडपातळ, आणि बोलायला इतका संथ की ऐकणाऱ्याला घाई सुटावी. त्याच्याही गावातून आजवर या विषयासाठी विद्यापीठात कुणी गेले नव्हते.

दोघांनी आपापले म्हणणे सांगितले. मग आधी हेमलताने त्याचे मांडले. जो तो सोय पाहून शब्द मोडू लागला, तर उद्या कुणाच्या भरवशावर कुणी काही करायचेच नाही, असे तिने नेटके सांगितले. भागवतने ताबडतोब मान डोलावली, आणि माझ्यापेक्षा बरे मांडलेत, असे हसून वर म्हणाला.

मग त्याची पाळी आली. तो जरा थांबला आणि सावकाश बोलू लागला.

"ताईंचं म्हणणं असं, की शब्द माणसासाठी असतो, माणूस शब्दासाठी नसतो. लग्नाला येतो असा शब्द दिला आणि वाटेत कुणी घेरी येऊन पडलेला दिसला, तर लग्न राहू द्यावं आणि त्याला दवाखान्यात न्यावं. शब्दाच्या हट्टापायी माणूस जाऊ देऊ नये."

हेमलता ऐकतच राहिली. तिला जे दहा वाक्यांत जमले नव्हते ते त्याने तीन वाक्यांत सांगितले होते. मान डोलावायची, एवढेच काम होते. पण मान डोलावली की हा पुढे बोलणार, आणि इतके स्वच्छ बोलणारा पोरगा आपल्याला हरवणार, हे तिला लख्ख दिसले. डोळ्यांपुढे तालुक्याची ती नर्सिंगची शाळा आली. तिने काही ठरवलेही नव्हते, तोवर तोंडातून निघून गेले, "नाही. असं नाही."

भागवत गोंधळला. आपलेच काही सुटले असे त्याला वाटले. त्याने पुन्हा मांडले, आणि ते पहिल्याहून सरस झाले. हेमलता म्हणाली, नाही. परीक्षकांतल्या एका बाईंनी हातातले पेन खाली ठेवले आणि तिच्याकडे पाहिले. पण नियम तो नियम, त्या बोलू शकत नव्हत्या.

तिसऱ्या वेळी भागवतच्या कपाळावर घाम होता. सगळे सांगून झाल्यावर, काय राहिले असेल ते शोधत तो म्हणाला, "आणि बहुतेक ताईंना असंही म्हणायचं असेल, की शब्द मोडला तर ज्याला दिला होता त्याच्यापुढे जाऊन तोंडानं सांगावं. लपवून मोडला, तर ती फसवणूक."

हे हेमलताला सुचलेच नव्हते. तिच्या बाजूला जे कमी पडत होते नेमके ते त्याने तिला देऊन टाकले होते. पण हे मी म्हणालेच नव्हते, असे तिने मनाशी धरले, आणि तिसरे 'नाही' अगदी सहज आले. खोट्याला खऱ्याचे ठिगळ मिळाले की ते फाटके दिसत नाही.

भागवत बाद झाला. उतरताना तो तिच्यापाशी थांबला. "माफ करा ताई," तो म्हणाला, "तुमचं मला नीट कळलं नाही."

हेमलता जिंकली. वडिलांनी पोस्टात पेढे वाटले. आता पुढे काय, असे विचारणाऱ्यांना ते विद्यापीठाचे पत्र दाखवू लागले. आणि हेमलता मे महिन्यात अभ्यासवर्गाला गेली.

वर्ग छान होता. शिकवणारे छान होते. रोज सकाळी तिथेही तोच सराव असे, दुसऱ्याचे म्हणणे त्याची मान डोलेपर्यंत मांडायचे. हेमलता मांडत असे आणि समोरच्याची मान डोले. पण तिला ते खरे वाटेना. ही मान खरी डोलली की उगाच? ही मुलगी माझी कीव करते का? हा मला खड्ड्यात घालतो आहे का? मान आवरून धरता येते हे तिला माहीत होते, मग खोटी डोलावता का येणार नाही? ती पुन्हा पुन्हा विचारी, बरोबर ना, नक्की बरोबर ना? पंधरा दिवसांत मुली तिला टाळू लागल्या. महिना संपला तेव्हा तिच्या वहीत बरेच काही होते आणि तिच्या मनात कुणाच्याच 'हो'ला जागा नव्हती.

जूनमध्ये ती परत आली. दातीर सरांनी कौतुकाने सगळे विचारले आणि बोलता बोलता म्हणाले, तो उगले विषय सोडतोय म्हणे. त्याच्या सरांना तो म्हणाला होता, समोरच्याचे बोलणे तीनदा सांगूनही मला कळत नाही, मग मी हा विषय शिकून काय करू? वडिलांच्या दुकानात बसला होता. प्रवेशाची मुदत शनिवारपर्यंत होती.

हेमलताला तो हरायला हवा होता, खचायला नको होता. तिने सरांना सगळे सांगितले. त्याला आजच पत्र टाकते, घरात पोस्टमनच आहे, असेही म्हणाली. सरांनी एवढेच विचारले, की तिसऱ्या वेळी भागवतने काय म्हटले होते?

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, हेमलता दोन गाड्या बदलून त्याच्या गावी गेली. वाटभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तो हाकलून देईल, चारचौघांत बोलेल, वडिलांना कळेल, जागा लबाडीने मिळवली म्हणून एम.ए.ची वाट बंद होईल. यातले काहीही घडू शकत होते आणि तिला ते माहीत होते. तरी ती उतरली.

दुकानात भागवत गळ्यात टेप अडकवून एका बाईंचे माप घेत होता. बाही कोपरापर्यंत ना, त्याने विचारले. बाई हो म्हणाल्या. कोपरापर्यंतच ना? हो. काकू, तुम्ही कोपरापर्यंतच म्हणालात ना? बाई वैतागल्या आणि, काय रे, ऐकू येत नाही का तुला, असे बोलून निघून गेल्या. हेमलता दारातच थिजली. लोकांना तीनदा विचारायची खोड तिलाही लागली होती. तिचा दुसऱ्यांवरचा विश्वास उडाला होता, आणि याचा स्वतःवरचा.

त्याने तिला ओळखले, बाकावर बसवले, पाणी दिले. तिने पाणी तसेच ठेवले आणि म्हणाली, माझे म्हणणे एकदा मांडा. आता कशाला, असे तो म्हणाला. तिने पुन्हा विनवले. मग त्याने खाली बघत, दबल्या आवाजात, पहिल्यांदा मांडले होते तसेच मांडले.

हेमलताने मान डोलावली.

"हेच माझं म्हणणं होतं," ती म्हणाली. "पहिल्यांदाही हेच होतं. तुम्हाला सगळं कळलं होतं. मी मुद्दाम नाही म्हणाले."

भागवत टेप बोटाला गुंडाळत राहिला. गुंडाळून झाला तेव्हा म्हणाला, "तीन महिने मी माझ्या कानांना दोष देतोय, ताई."

वादसभेच्या लोकांपुढे सोमवारी जाऊन हे सांगणार आहे, घरी आजच सांगणार आहे, आणि प्रवेशाची मुदत उद्या संपते, एवढेच ती बोलली. त्याने क्षमा केली असे तो म्हणाला नाही. तिनेही मागितली नाही.

इतक्यात एक आजोबा सदरा शिवायला आले. भागवत उठला. कॉलर बंद गळ्याची का, त्याने विचारले. आजोबा हो म्हणाले. त्याने वहीत लिहून घेतले आणि पुढचे माप धरले.

आजोबा गेल्यावर तो हेमलताकडे वळला. कॉलेजची कचेरी उद्या किती वाजता उघडेल, त्याने विचारले. दहाला, ती म्हणाली.

त्याने दुसऱ्यांदा विचारले नाही.

तात्पर्य: दुसऱ्याला आपले म्हणणे नीट कळले असेल, तर आपले नुकसान होत असले तरी 'हो' म्हणावे, ते 'हो' दाबून ठेवले तर त्याचा स्वतःवरचा विश्वास जातो आणि आपला जगावरचा.