झोपाळ्यावरचा ठोसा

एकदा एका विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना एका लाकडी फळीने दोनदा हरवलं. माणसाने माणसाला हरवलं तर त्यात नवल नाही. पण इंचभर जाडीची, ना हात ना पाय अशी फळी समोर येते आणि चांगली शिकली-सवरलेली बाई तिच्यापुढे हात धरून मटकन खाली बसते, हे बघणाऱ्यालाही बरं वाटत नाही.

बाईंचं नाव वैजयंती. तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेत आठवी ते दहावीला त्या विज्ञान शिकवत, आणि गेली चार वर्षं संध्याकाळी गंगाराम मेस्त्रींकडे कराटे शिकत. हे मेस्त्री जातिवंत सुतार. तरुणपणी गोदीत जहाजांची लाकूडकामं करत होते, तिथेच एका जाणत्या गुरूकडून ही विद्या त्यांनी घेतली. आता सत्तरी उलटलेली आणि वजन ओल्या कपड्यांसकट पन्नास किलो. चौथीच्या पुढे शाळा पाहिलेली नाही. पण फळीसमोर उभे राहिले की कुणी पापड मोडावा तशी फळी मोडत. वैजयंतीला याचंच कुतूहल होतं. एवढ्याशा देहात एवढा जोर येतो कुठून?

तिने आपल्यापरीने उत्तर शोधलं, ते म्हणजे दंड कमवायचे. रोज पहाटे चाळीस जोर. सहा महिन्यांत दंड असे भरले की ब्लाउजच्या बाह्या उसवून घ्याव्या लागल्या. फळी मात्र दुसऱ्या खेपेलाही जिथल्या तिथे राहिली, आणि बाईंच्या मधल्या बोटाचं मूळ सुजून वांग्यासारखं झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "आणखी एकदा असाच मार बसला तर हे बोट कायमचं वाकडं होईल. खडू धरता येणार नाही, बघा."

तरीही तिला हा हट्ट सोडवेना, त्याला कारण होतं. शाळेतल्या बावीस मुलींनी कराटेच्या वर्गासाठी नावं दिली होती. कालव्याच्या रस्त्याने चालत येणाऱ्या एका मुलीच्या मागे कुणीतरी मोटारसायकल लावून आठ दिवस येत होता. त्या मुलीने नाव सगळ्यांत आधी दिलं होतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, "बाई, काळा पट्टा घेऊन या, दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू करा. पट्टा नसताना मी परवानगी देणार नाही, उद्या एखादीला लागलं तर जबाबदार कोण?" त्यांचंही चुकलं नव्हतं. पट्ट्याच्या परीक्षेत फळी मोडावी लागे, आणि परीक्षा दहा दिवसांवर आली होती.

तेव्हा एका संध्याकाळी वैजयंती मेस्त्रींच्या पडवीत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मी नाव मागे घेते. माझ्यात ताकदच नाही."

मेस्त्री रंध्याचं पातं घासत होते. त्यांनी मान वर केली नाही. "ताकद नाही म्हणतेस? बरं. त्या पोत्याला एक ठोसा मार बघू."

पडवीच्या तुळईला वाळूचं पोतं टांगलेलं होतं. वैजयंतीने पवित्रा घेतला, कराटेतली ती प्रसिद्ध आरोळी ठोकली आणि ठोसा हाणला. पोत्यातून भस्सकन आवाज आला. मेस्त्रींनी पातं खाली ठेवलं, तिच्याकडे निरखून पाहिलं, मग पलीकडच्या झोपाळ्याकडे बोट केलं.

"त्याच्यावर बस."

"झोपाळ्यावर?"

"हो. पाय वर घे, मांडी घाल."

तिला वाटलं, म्हाताऱ्याने समजूत घालायला बसवलं असेल, आता चहा येईल. ती बसली. मेस्त्रींनी पोतं ओढून तिच्या पुढ्यात आणलं आणि म्हणाले, "आता मार. अगदी सगळा जोर लावून."

दुसरा कुणी हसला असता. पण वैजयंती गुरूचा शब्द मोडणारी नव्हती. तिने झोपाळ्यावर मांडी घालून जिवाच्या आकांताने ठोसा मारला. पोतं जरासं हललं, आणि बाई झोपाळ्यासकट मागे! पाठ भिंतीवर आदळता आदळता वाचली. परत आली, पुन्हा मारला, पुन्हा मागे. चार वेळा असं झाल्यावर तिला हसूही आलं आणि रागही आला.

"सर, ही काय चेष्टा आहे? माझं बोट सुजलंय आणि तुम्ही मला झोके देताय!"

"झोके मी कुठे देतोय? तूच घेतेयस." मेस्त्री अगदी गंभीर होते. "मला एवढंच सांग, तुझा जोर गेला कुठे?"

वैजयंतीने पाय खाली सोडून झोपाळा थांबवला. मग ती झोपाळ्यावरच बसून राहिली, कारण तिला नववीचा वर्ग दिसायला लागला होता. फळ्यावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं, दर वर्षी अधोरेखित केलेलं वाक्य: प्रत्येक क्रियाबलास समान परिमाणाचं आणि विरुद्ध दिशेचं प्रतिक्रियाबल असतं.

"अगं बाई!" ती स्वतःशीच म्हणाली. "हे तर मी दर वर्षी शिकवते. अकरा वर्षं शिकवतेय!"

"काय शिकवतेस?"

तिने नियम सांगितला. मेस्त्रींनी तो लक्षपूर्वक ऐकला. "छान लिहिलंय कुणीतरी. आम्हाला ते रंध्याने शिकवलं. मी सांगतो कसं, ऐक. तू पोत्याला जेवढं ढकलतेस तेवढंच पोतं तुला ढकलतं. ते ढकलणं घ्यायला तुझ्या मागे कुणीतरी पाहिजे. झोपाळ्यावर कुणी नव्हतं, म्हणून तू गेलीस भिंतीकडे. उभी असतेस तेव्हा मागे कोण असतं? जमीन. पण तू तिला कामाला लावतच नाहीस. तुझी मागची टाच उचललेली असते, कंबर मागे राहते, आणि एकटा हात बिचारा पुढे पळतो. त्या हाताचं वजन ते किती? फळीला तीन-चार किलोचा हात लागतो, आणि बाकीची सगळी बाई मागे उभी राहून तमाशा बघते."

वैजयंती खळखळून हसली. खूप दिवसांनी हसली असावी.

"टाचेने जमीन दाबायची," मेस्त्री पुढे म्हणाले, "तिथून गुडघा, गुडघ्यापासून कंबर. कंबर वळली की खांदा आपोआप येतो आणि सगळ्यात शेवटी मूठ. मूठ म्हणजे नुसता निरोप पोचवणारा. निरोप पाठवते ती जमीन."

एवढं सांगून त्यांनी तिच्या हातात रंधा दिला, फणसाच्या लाकडाचा एक खडबडीत तुकडा ठोकळ्यावर बसवला, आणि फर्मान सोडलं की परीक्षेपर्यंत पोत्याला हात लावायचा नाही, रोज तासभर लाकूड तासायचं.

पहिल्या दिवशी रंधा दर वितीला अडकला. दंड भरून आले, पण लाकडाचा कपचा निघेना. "हाताने नको," मेस्त्री आतून ओरडले, "टाचेने मार रंधा!" तिसऱ्या दिवशी तिला ते उमगलं. मागचा पाय रोवून कंबरेने पुढे गेलं की रंधा सुळकन सरकत होता आणि लांबलचक छिलका गुंडाळत बाहेर पडत होता. हात नुसते दिशा देत होते.

पण विज्ञानाची बाई ती. दुसऱ्याने सांगितलं म्हणून मान डोलावून गप्प बसेल तर कशी? तिने पडवीतल्या गुळगुळीत शहाबादी फरशीवर मूठभर लाकडाचा भुसा पसरला, त्यावर उभी राहिली आणि हवेतच जोरात ठोसा मारला. मागचा पाय सर्रकन निसटला, ठोसा अर्ध्यात विरला. मग तिने भुसा झाडून काढला आणि त्याच जागी पुन्हा मारला. या वेळी पाय घट्ट राहिला आणि बाहीच्या कापडाचा फटाका वाजला. तिने हे सहा वेळा केलं, भुसा टाकून आणि भुसा झाडून. मेस्त्री दारात उभे राहून बघत होते. पसारा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही.

"आता एक उरलं," सातव्या दिवशी ते म्हणाले. "तू आधी ओरडतेस आणि मग मारतेस."

"म्हणजे?"

"आरोळी ठोकलीस की पोट, खांदा, दंड, मूठ, सगळं आवळतं. आवळलेला हात पळेल कसा? एक स्नायू पुढे ढकलतो, दुसरा मागे ओढतो, दोघांचं घरातच भांडण. हात सैल सोडायचा, पळू द्यायचा. मूठ टेकेल त्या क्षणी आवळायची, आणि ओरडायचं तेही त्याच क्षणी. आणि हे बघ, फळीवर मारू नकोस. फळीच्या मागे वीतभर जागा धर, तिथे मार. फळीवर नेम धरलास की लागेल या भीतीने हात फळीपाशी येऊन मंदावतो."

"भीती तर वाटतेच, सर," वैजयंती म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "फळी नाही मोडली तर बोट जाईल. आणि त्या मुली..."

"फळी मोडली तर हाताला काही लागत नाही, पोरी. जोर पलीकडे निघून जातो. मोडली नाही तर तो सगळा तुझ्या हाताकडे परत येतो. दोन्ही वेळा तू अर्ध्या मनाने मारलंस, म्हणून लागलं. आता ठरव."

वैजयंतीने हाताचा भुसा झाडला. रंधा जागेवर ठेवून घरी गेली.

परीक्षा एका मंगल कार्यालयात होती. दोघांनी फळी धरली. परीक्षक टेबलामागे बसले होते, आणि भिंतीकडेच्या खुर्च्यांवर मेस्त्री गुडघे चोळत बसले होते. वैजयंती पुढे आली. सुजलेलं बोट ठणकत होतं. क्षणभर वाटलं, नमस्कार करावा आणि मागे फिरावं. मग तिने फळीकडे बघणं सोडलं. मागची टाच फरशीवर टेकवली, किंचित दाबली. फरशी गार होती आणि जागची हलत नव्हती. खांदे सैल पडले. फळीच्या मागे वीतभर, तिथे कालव्याचा रस्ता असावा असं तिने मनात धरलं.

फळी मोडली तेव्हा आरोळी कुठली आणि लाकडाचा आवाज कुठला, हे कुणालाच वेगळं सांगता आलं नसतं. दोन्ही एकाच वेळी झाले. फळीचे दोन तुकडे धरणाऱ्यांच्या हातात राहिले, आणि वैजयंती स्वतःच्या मुठीकडे आश्चर्याने बघत राहिली. काहीतरी लागलं होतं की नाही, याचीच तिला शंका होती.

सगळे तिच्याभोवती जमले. परीक्षकांनी बोटं उघडमीट करून पाहिली, कुणी बर्फ आणायला धावलं. जुनी सूज सोडली तर हाताला काही झालं नव्हतं. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत मेस्त्री आले. दुखऱ्या गुडघ्यांनी हळूहळू खाली वाकले आणि म्हणाले, "हात राहू दे. मागचा पाय दाखव."

तिने उजवा पाय उचलला. टाचेची कातडी फरशीवर घासून लालभडक झाली होती.

"हं," म्हातारा म्हणाला आणि तिचाच हात धरून उठला. त्याचे डोळे भरून आले होते, ते त्याने लपवले नाहीत. "आता लागलं बरोबर जागी."

सोमवारी शाळेच्या मैदानावर बावीस मुली रांगेत उभ्या होत्या. कालव्याच्या रस्त्याने येणारी ती मुलगी सर्वांत पुढे, मूठ इतकी आवळून की बोटं पांढरी पडलेली. वैजयंतीबाईंनी तिची मूठ हळूच उघडली आणि म्हणाल्या, "मुठीचं नंतर बघू. चपला काढा सगळ्या, आणि आधी टाचा टेका."