खेकड्याच्या नांग्या आणि हिरवी पाहुणी

फार मागे, डोंगराखालच्या एका तळ्यात बदकाच्या पायाला चिकटून एक हिरवी काडी आली. पानं इवली, पण रसाने टचटचीत भरलेली! बेडकी हरखून गेली. "अगं बाई, किती गोड! हिला काठाशी लावू या."

लावली, आणि काय सांगू! पावसाळा सरेपर्यंत तिने अर्धं तळं झाकलं. खाली मासे हवेसाठी तडफडू लागले.

"बाजूला व्हा!" खेकडा गरजला. "या नांग्या काय शोभेला आहेत?" खचाखच, खचाखच! तुकडे उडाले, सगळं तळं ओरडलं, "वा खेकडेराव, वा!"

आठ दिवसांत प्रत्येक तुकड्याला मुळं फुटली. त्यातली एक काडी वाकून म्हणाली, "खेकडेराव, उपकार झाले. मी एकटी होते, तुम्ही मला तळंभर केलंत."

खेकडा लाजेने चिखलात शिरला. तिथे म्हातारी कासवीण बसली होती. "आलाच आहेस तर मुळं सोडव," ती म्हणाली. "अख्खी काडी वर जाऊ दे. तुटू देऊ नकोस."

मग काय, सगळं तळं कामाला लागलं! खेकडा खालून सोडवी, मासे वर ढकलत, बेडकी काठावर उन्हात वाळत घाली. पाणी मोकळं झालं. शेवटची काडी बेडकीने हौसेने काठावरच्या मडक्यात लावली.

एके दिवशी तिची फांदी मडक्याबाहेर पाण्याकडे लोंबली. खेकड्याने नांगी उचलली. तळ्याने श्वास रोखला.

त्याने फांदी अलगद धरली आणि परत आत ठेवली.