पितळी तोडे

फार पूर्वी, डोंगरापलीकडची बातमी माणसाच्या पायांनीच येत असे त्या काळात, एका डोंगराच्या खांद्यावर एक गाव होते. त्या गावातली माणसे फार हळू चालत.

पाय अधू होते म्हणून नव्हे. सटवाई प्रत्येकाला श्वास मोजून देते आणि ते संपले की माणूस संपतो, असे तिथे सगळे मानत. धाप लागली की श्वास भराभर उडतात, म्हणून कुणी पळत नसे. गुरांना हाक न मारता लाकडी टाळ्या वाजवत. कुणी खदखदून हसला तर शेजारी म्हणे, "जपून रे, महागात पडेल." मुलांना खेळ एकच, हुतूतू. त्यात श्वास रोखून धरायचा असतो, म्हणजे तेवढीच बचत.

गावाच्या पारावर एक आजोबा बसत. नव्वदी ओलांडलेले. सगळे त्यांना आबा म्हणत आणि मुलांना त्यांचा दाखला देत. "बघा, आबा कधी धावले नाहीत."

त्याच गावात एक विधवा बाई राहत होती. तिला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगा लहानपणापासूनच वाऱ्यासारखा पळायचा, कुणाचे ऐकायचा नाही. एका वर्षी तो खालच्या जत्रेतल्या शर्यतीत पहिला आला आणि पितळेची घागर डोक्यावर घेऊन हसत घरी आला. पुढच्या महिन्यात त्याला ताप भरला आणि तो गेला.

गाव म्हणाले, "श्वास उधळले पोरानं."

आईने ते ऐकून घेतले. मग तिने ती घागर ओताऱ्याकडे नेली, मोडून तिचे दोन जाड तोडे करून घेतले आणि मुलीच्या पायांत घातले. कारण मुलगीही तशीच पळायची, कदाचित भावाहून वेगाने. पाय वाढले तसे आईने तोडेही वाढवून घेतले. मुलगी चालली की जड आवाज होई. घरात बसून आई तो आवाज ऐके. आवाज हळू असला की तिचा जीव थाऱ्यावर असे.

"आई, काढ ना गं एकदा," मुलगी सुरुवातीला म्हणायची. "खिंडीपर्यंत जाऊन येते."

"तुझे श्वास माझ्याकडे ठेवायला दिलेत देवानं," आई म्हणायची. पुढे मुलीने विचारणे सोडले.

एका चैत्रात डोंगरमाथ्यावर अवकाळी पाऊस कोसळत राहिला. गावावरचे तळे काठोकाठ भरले. पाऊस थांबल्यावर दुपारी तळ्याचा राखणदार पाराशी आला. तोही चालतच आला, पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"बांधातून पाणी झिरपतंय," तो म्हणाला.

"ते दरवर्षी झिरपतं," पाटील म्हणाले.

"दरवर्षी नितळ असतं. आज गढूळ येतंय. बांध आतून चाललाय."

गाव उंचावर होते, गावाला भीती नव्हती. पण तळ्याचे पाणी ओढ्याने डोंगराला वळसा घालून पलीकडच्या नदीत उतरत असे. आणि पलीकडे नदीच्या कोरड्या वाळूत कलिंगडाच्या वाड्या होत्या. उन्हाळाभर तिथे झोपड्या बांधून बायकापोरांसह माणसे राहत. त्यांच्याकडे पावसाचा थेंबही पडला नव्हता. मध्ये डोंगर होता, त्यामुळे ढोल वाजवूनही ऐकू जाणार नव्हता.

"खिंडीतून कुणीतरी जायला हवं," पाटील म्हणाले.

"चालत गेलं तर दिवस मावळेल," राखणदार म्हणाला. "बांध तेवढा थांबायचा नाही."

एक तरणाताठा गडी उठला आणि धावू लागला. चावडीपर्यंत पोचला आणि कुशीत चमक भरून खाली बसला. जन्मात कधी तो पळाला नव्हता. कुणी हसले नाही.

मग एकेक करून सगळ्यांच्या नजरा पाराशी आईजवळ उभ्या असलेल्या त्या मुलीकडे वळल्या. आईने मुलीचे मनगट घट्ट धरले.

"हिच्याकडे बघू नका," ती म्हणाली. "माझा एक दिलाय मी."

"आई," मुलगी हळूच म्हणाली, "तिथं लहान मुलं आहेत."

"माझंही लहानच होतं."

वरून, बांधाच्या बाजूने, काहीतरी ढासळल्याचा आवाज आला. पुन्हा शांत झाले. तेव्हा पारावरचे आबा काठी टेकत उठले. ते आईसमोर येऊन उभे राहिले.

"सूनबाई, मी जन्मभर श्वास जपले," ते म्हणाले. "कशासाठी, असं आज कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. आणि आता यातले चार श्वास तिकडे पोचवायचे म्हटले, तर पाय नाहीत."

आईने मनगट सोडले आणि मुलीच्या पायांशी बसली.

तोड्यांचे लोखंडी मळसूत्र गंजून बसले होते. आईने पदराने धरून पिळले. उजवा तोडा सुटला. डावा हलेना. तिने दगड घेतला, दात लावले, ओठ फुटला, पण मळसूत्र फिरेना.

"राहू दे आई," मुलगी म्हणाली. "एक राहू दे."

"जा मग," आई म्हणाली. "मागं बघू नकोस."

मुलगी धावली.

एक पाय पिसासारखा हलका आणि एक जड, त्यामुळे आधी ती झोकांड्या खात होती. मग तिला लय सापडली. चढावर छाती भात्यासारखी हलू लागली. खिंडीत पोचली तेव्हा तोड्याने घोटा सोलून काढला होता. तिथे मागे मोठा गडगडाट झाला. बांध फुटला होता. तिने मागे पाहिले नाही. पाणी वळशाने येणार होते, ती सरळ उतरत होती. आता शर्यत तेवढीच होती.

वाड्यांवर ऊन होते. बायका वेलांना पाणी घालत होत्या, म्हातारे झोपडीच्या सावलीत पेंगत होते. मुलगी वाळूत येऊन उभी राहिली. सांगायला तोंड उघडले, पण शब्द येईना. नुसता श्वास, नुसती धाप.

"अगं, बस बस," एक बाई म्हणाली. "कुठून आलीस अशी? आधी दम खा. कलिंगडाची फोड देऊ का?"

मुलीने डोंगराकडे हात केला. सगळ्यांनी तिकडे पाहिले. आभाळ निरभ्र होते.

"ऊन लागलंय पोरीला," कुणीतरी म्हणाले.

वेळ नव्हता. मुलीने झोपडीतल्या झोळीकडे पाहिले. आत तान्हे मूल झोपले होते. तिने ते उचलले, छातीशी धरले आणि उंच काठाकडे पळत सुटली.

"पोर पळवलं! धरा तिला!"

त्या मुलाची आई धावली, तिच्यामागे बाप, मग काठ्या घेतलेले शेजारी, मग त्यांची पोरे, आणि काय झाले ते बघायला म्हातारेसुद्धा. सगळ्या वाड्यांतली माणसे शिव्या देत दरड चढली. वर पोचताच मुलगी गुडघ्यांवर कोसळली. मुलाच्या आईने मूल हिसकावून घेतले आणि मारायला हात उगारला.

तेवढ्यात नदीच्या वळणावरून आवाज आला.

हात तसाच वर राहिला. खाली तांबडे पाणी आले. झोपड्या गेल्या, वेल गेले, हिरवी कलिंगडे पाण्यावर उड्या मारत वाहून गेली. माणूस मात्र एकही खाली नव्हता. त्या बाईने उगारलेला हात मुलीच्या डोक्यावर ठेवला आणि तिथेच बसून रडू लागली.

दिवस कलताना खिंडीच्या वाटेने एक बाई येताना दिसली. ती चालत नव्हती. पदर सुटलेला, केस विसकटलेले, ठेचकाळत, पुन्हा सावरत ती पळत येत होती. जन्मात पहिल्यांदा. मुलीजवळ येऊन ती बसली. आईने मुलीच्या पाठीवर तळवा ठेवला आणि तिचा श्वास खालीवर होताना बराच वेळ पाहत राहिली. तो थांबत नव्हता.

वाडीतल्या एका म्हाताऱ्याने विळ्याच्या टोकाने दुसरा तोडा उचकटून काढला. आईने तो हातात घेतला.

"मी म्हणत राहिले, तो धावला म्हणून गेला," ती म्हणाली. "तसं नव्हतं गं. त्याला जायचंच होतं. जायच्या आधी तो धावला होता."

पुढे ते दोन्ही तोडे ओताऱ्याकडे परत गेले आणि त्यांची पुन्हा घागर झाली. पहिलीपेक्षा थोडी लहान, कारण ओतताना पितळ घटते. ती त्या घरात पाण्याला वापरात राहिली. भल्या पहाटे खिंडीपर्यंत धावून आलेली मुलगी त्याच घागरीतले पाणी प्यायची, आणि आई दारात उभी राहून तिची धाप ऐकायची.

तात्पर्य: किती श्वास मिळाले हे आपल्या हाती नसते आणि ते राखून ठेवता येत नाहीत; अंगातले बळ ज्या कामासाठी मिळाले, त्या कामी लावले तरच ते आपले.