ठकूआक्काचा पाट

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण सांगणारा प्रत्येक जण आपल्या पणजोबाच्या लहानपणापर्यंत मागे जातो आणि तिथून पुढे हात वर करतो. सीनेच्या काठी आंबेसांगवी नावाचं गाव होतं. त्या गावात ठकू नावाची गुरवाची लेक राहायची. नवऱ्यानं टाकली होती, माहेरी परतली होती. जीभ तिखट, हात सढळ. लहानथोर सगळे तिला ठकूआक्का म्हणायचे.

त्या वर्षी सीनेला असा पूर आला की देवळाच्या कळसावर मासे उड्या मारत होते, असं म्हणतात. पिकं गेली. गावानं सामायिक पेव उघडलं आणि त्यातली ज्वारी वाटायचं काम ठकूआक्काकडे दिलं. रोज सकाळी देवळापुढे रांग लागायची. ठकूआक्का माणशी एक मापटं घालायची. राजा असो की रंक, सगळ्यांना सारखं माप, याचा तिला भारी अभिमान होता.

रांगेत येसू कुंभारीण यायची. तिचा नवरा हैबती पुरात गेला होता. मडकी घेऊन पोकळ भोपळे बांधून केलेल्या सांगडीवरून पलीकडच्या बाजाराला निघाला, तो परतलाच नाही. येसू मापटं पदरात घ्यायची, पण अर्धी ज्वारी नदीत टाकून यायची. लोकांनी पाहिलं, कुजबुज झाली. एके दिवशी ठकूआक्काचा तोल गेला. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "नदीला जेवू घालायला न्हाई गं हे धान्य! लोकांची पोरं उपाशी हायेत." आणि तिनं माप उचललंच नाही.

येसू रिकामा पदर खोचून घरी गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती रांगेत आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तिच्या छपरातून धूर निघेना. मग ठकूआक्का स्वतःलाच विचारू लागली. बाई आत अन्नावाचून मेली, तर ते पाप कुणाचं? रांगेचं नव्हे, मापट्याचं नव्हे. तिचंच होतं ते.

ती धावत येसूच्या दारी गेली. आधी तिनं माफी मागितली, मग समजूत घातली, मग रागावलीसुद्धा, कारण रागावल्याशिवाय तिला माया करता यायची नाही. दार काही उघडलं नाही. घरी जाऊन तिनं भाकरी भाजून आणली आणि उंबऱ्यावर ठेवली. भाकरी वाळून गेली. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

उजाडल्यावर ती नुसता पाट घेऊन आली. उंबऱ्याबाहेर पाट टाकला आणि बसली. बोलली काहीच नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ठकूआक्का गप्प बसली होती, म्हणून गावही श्वास रोखून होतं. ऊन डोक्यावर आलं, सर येऊन गेली, ती हलली नाही. चिमण्यांना वाटलं हा दगडच आहे, आणि त्या तिच्या खांद्यावर येऊन पंख वाळवू लागल्या, असं म्हणतात.

दिवस कलताना कडी वाजली. दार बोटभर उघडलं.

"आक्का, अजून गेली न्हाईस?"

"न्हाई."

"काय पायजे तुला?"

"काय न्हाई. बोलावंसं वाटलं तर ऐकाया बसलेय."

मग दाराच्या फटीतून येसू रडत बोलली. "त्या दिशी माझ्यावर रुसून गेले गं. न्याहारीसुद्धा केली न्हाई. उपाशीपोटी गेले. आता मी कसं खाऊ?"

मेलेल्या माणसाला कसली आलीय भूक, हे शब्द ठकूआक्काच्या अगदी ओठांवर आले होते. ते तिनं गिळले. गावावर तिचे पुष्कळ उपकार आहेत, पण हा सगळ्यात मोठा.

"त्यांना काय आवडायचं?" तिनं विचारलं.

"कण्या. अन् ताक."

दोघींनी ज्वारी भरडून कण्या शिजवल्या, ताक घातलं, दोन द्रोण भरले आणि नदीवर गेल्या. येसूनं एक द्रोण पाण्यात सोडला. ठकूआक्का म्हणाली, "एकट्या माणसाला घास जात न्हाई. आता तू त्यांच्या पंगतीला बस." येसूनं पहिला घास घेतला, आणि धारेला लागलेला तो द्रोण उलटा फिरला, प्रवाहाच्या विरुद्ध येऊन तिच्या पायाशी थांबला. तो रिकामा होता, असं म्हणतात. येसू पोटभर जेवली.

पुढं नदी पार उतरली तेव्हा तिनं टाकलेली ज्वारी काठच्या गाळात उगवून आली होती. कणसं मनगटाएवढी. सगळं गाव त्यावर जगलं.

त्या दिवसापासून ठकूआक्का आधी दारोदार पाट घेऊन बसायची आणि मगच माप उचलायची. आंधळ्या कोष्ट्याला ज्वारी नको होती, दळून देणारं कुणीतरी हवं होतं. एका घरच्या सुनेला रांगेत यायची लाज वाटायची, तिच्या घरी ठकूआक्का निवडायला म्हणून ज्वारी टाकायची आणि परत मागायची नाही.

पाटील वैतागले. "अशी दारोदार बसत राहिलीस तर वाटप कधी व्हायचं, ठकू?"

"बसल्याबिगर कुणाला काय द्यायचं ते कसं कळंल, पाटील?"

हळूहळू सीनाकाठची इतर गावंही हे शिकली. कुठं पाटाऐवजी घोंगडी आली, कुठं एकीच्या जागी दोघी जाऊ लागल्या.

आता अलीकडं शहरात समाजकार्य शिकलेली एक मुलगी गावात आली होती. ती म्हणाली, विलायतेत आणि अमेरिकेतही असंच झालं. आधी सगळ्यांना सरसकट मदत वाटायचे. मग काही बायका घरोघरी जाऊ लागल्या. सुरुवातीला नुसता उपदेश करायच्या, मग ऐकायला शिकल्या. पुढं त्याचं शास्त्र झालं, आता कॉलेजात शिकवतात. पारावरच्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "तिकडं पाट नेतात का?" ती म्हणाली, "खुर्ची असते." म्हातारे विचारात पडले. "चालंल. पण आधी गप बसतात ना?"

तर गोष्टीतली ठकूआक्का पुढं खूप म्हातारी झाली. डोळे गेले. आपलं ओझं कुणाला नको म्हणून एके सकाळी तिनं दार लावून घेतलं आणि चूल पेटवली नाही. आता हिच्यासाठी कोण बसणार, असं गाव एकमेकांना विचारत राहिलं. तेवढ्यात बाहेर पाट टाकल्याचा आवाज झाला. येसू होती. तिचेही केस पांढरे झाले होते. ती पाटावर बसली. ठकूआक्कानं आतून तो आवाज ओळखला आणि ती रडली. दुपार व्हायच्या आतच तिनं दार उघडलं.

आजही आंबेसांगवीत पुराच्या दिवसांत कण्यांचा द्रोण सीनेत सोडतात आणि काठावर बसून जेवतात. त्याला हैबतीची न्याहारी म्हणतात. आणि प्रत्येक घरात दारामागे एक पाट उभा करून ठेवलेला असतो. कुणाच्या छपरातून धूर निघाला नाही, तर शेजारचं माणूस तो पाट उचलतं, हातात दुसरं काही न घेता जातं आणि उंबऱ्याबाहेर बसतं. पहिला शब्द आतल्याचा. दार उघडेपर्यंत पाट उचलायचा नाही.