पांगुळगाड्याचे मणी

"म्हणजे बारा वर्षांचा माझा जप पाण्यात गेला, असंच ना महाराज?"

शिवरामबुवा अडकित्त्याने सुपारी कातरत राहिले.

दिगंबरशास्त्री हा त्यांचा पट्टशिष्य. माणूस विद्वान, आणि आपण विद्वान आहोत हे विसरणं त्याला कधी जमलं नव्हतं. दीक्षेच्या दिवशी बुवांनी आपल्या हातातली माळ त्याला दिली होती. ती तुळशीची आहे, हे त्याने आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. आल्यागेल्याला तो ती कौतुकाने दाखवायचा.

आज खेळणी करणारा म्हातारा भानू चितारी मठात आला. त्यालाही दाखवली. म्हातारा हरखूनच गेला.

"ह्ये माजेच मणी. पांगुळगाड्याचे उरलेले. बुवांका माळ होयी होती, म्हणान ओवन दिलंय."

शास्त्र्याने एक मणी उजेडात धरला. भोकाच्या कडेला लाखेचा लाल रंग अजून शिल्लक होता. बाकीचा दोघा गुरुशिष्यांच्या बोटांनी झिजवला होता.

"पोरांचं खेळणं हातात धरून मी नाम घेत बसलो..."

"हो."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"मग ही आत्ताच विहिरीत टाकतो."

"टाक की. दोरा तेवढा ठेव, चांगला आहे."

असं म्हणत बुवांनी माळ घेतली आणि अडकित्त्यात धरून दोरा कापला.

एकशे आठ मणी सारवलेल्या जमिनीवर सैरावैरा पळाले. काही उंबऱ्याकडे, काही पाटाखाली, एक थेट भानूच्या पायाशी.

शास्त्री तत्क्षणी खाली. उपरणं कुठे पडलं, धोतर कुठे मळलं, कशाचं भान नाही. हात आणि गुडघे टेकून तो कानेकोपरे धुंडाळत होता. मणी हाती लागला की नाम आपसूक ओठांवर येत होतं. किती झाले, हे मोजायचं त्याला सुचलंच नाही. बारा वर्षांत पहिल्यांदाच.

भानू घाबरला. "बुवानू, माजा काय चुकला?"

बुवांनी सुपारीचं खांड त्याच्या हातावर ठेवलं. ते खूश होते, अगदी मनापासून.

"नाही रे भानू. पोर रांगायला लागलं... आता तुझा गाडा कामाला येईल."