ऐकू न येणारी हाक

एका जंगलात ओढ्याच्या अलीकडे एक वाघ आणि पलीकडे एक अस्वलीण राहत असे. दोघांचे वैर इतके जुने होते की त्याचे कारण दोघांनाही आठवत नसे. पाळले मात्र ते नेमाने जाई.

पुढे त्या जंगलात रानकुत्र्यांची टोळी आली. मुलांनो, ही टोळी पोटासाठी मारत नसे. धाक बसावा म्हणून मारी आणि शिकार पाणवठ्यावर तशीच टाकून जाई. अलीकडे मारून टोळी पलीकडे गेली की अस्वलीण म्हणे, "आपल्याकडे ते पाहुणे आहेत." पलीकडे मारून अलीकडे आली की वाघ म्हणे, "तो त्यांचा घरगुती मामला." वाघाच्या काठावरचा एक वानर उंबराच्या शेंड्यावरून दोन्ही काठ पाही आणि टोळी दिसताच ओरडे. पण शत्रूच्या वानराचे ऐकणे अस्वलिणीला कमीपणाचे वाटे. तिने हुकूम काढला, "समोरच्या काठावरची हाक आपल्याला ऐकू येत नाही." प्रजेने तो इतका मनावर घेतला की वानर ओरडला तरी ससेसुद्धा गवत चघळत राहत.

एके सकाळी अस्वलिणीचे पिल्लू वारुळापाशी वाळवी खात होते. वानर ओरडू लागला.

"कसला आवाज रे?" अस्वलिणीने साळिंदराला विचारले.

"आवाज? मला तर काही ऐकू येत नाही, बाईसाहेब," साळिंदर अदबीने म्हणाले.

अस्वलीण स्वस्थ बसली. वानर मात्र घसा बसला तरी थांबेना. अखेर तिची नजर वारुळाकडे गेली आणि ती धावत सुटली. टोळीने पिल्लाला घेरले होते. तिने पिल्लाला पोटाखाली घेतले. पण कुत्री चारी बाजूंनी होती. तेवढ्यात ओढ्याच्या काठावर वाघ येऊन उभा राहिला.

"उद्या ही टोळी माझ्याकडेच येणार. पण बाई, मी ओढा ओलांडला तर ती स्वारी समजणार का?"

"आधी ये मेल्या, मग काय समजायचे ते समजू."

वाघ आला. पळून जायला टोळीला आजवर नेहमी एक काठ मोकळा असे. त्या दिवशी नव्हता. निम्मी कुत्री तिथेच पडली, उरलेली जंगल सोडून गेली. पिल्लाचा एक कान मात्र तुटला.

जाता जाता वाघाने विचारले, "वानर केव्हाचा ओरडत होता. ऐकू आले नाही का?"

अस्वलीण पिल्लाचा तुटका कान चाटत राहिली. मग म्हणाली, "आले होते."

दोघांचे वैर आजही चालू आहे. फक्त वानर ओरडला की दोन्ही काठांवरचे कान उभे राहतात.

तात्पर्य : वैऱ्याशी खुशाल भांडावे, पण त्याच्यावर उठलेल्या मारेकऱ्याला पाहुणा म्हणू नये आणि धोक्याची हाक कोणाच्या तोंडून आली, हे पाहत बसू नये.