सात हौदांचं पाणी

"आमच्या दाराशी नको!"

सोनवट नगरीत महिनाभर हे एकच वाक्य ऐकू येत होतं. रणधवल राजाने हौस म्हणून गावच्या न्हाण्यांचं, धोबीघाटाचं, पागेचं सगळं सांडपाणी सात हौदांतून फिरवलं होतं. कुठे वाळू, कुठे कोळसा, कुठे लव्हाळ्याची बेटं. शेवटच्या हौदातून पाणी निघायचं ते इतकं नितळ, की तळाचा खडा दिसावा! पिण्याजोगं नव्हे, पण झाडापिकाला उत्तम. आता ते सोडायचं कुठे? सराफ आळीने नाक मुरडलं, तेली आळीने काठ्याच काढल्या. नदीत सोडावं, तर खालची गावं नदीचंच पाणी पितात.

राजा वैतागला. आणि राजा वैतागला, की समोर दिसेल त्याचं काही खरं नसे. त्या दिवशी समोर दिसला हौदांचा राखणदार सटवाजी.

"सटवाजी, तीन दिवसांत जागा शोध! विहिरींपासून लांब, पाणी जिरेल अशी. थेंब वाया जाता कामा नये. आणि 'इथे नको' म्हणणारा एकही माणूस निघता कामा नये. निघाला, तर चौथ्या दिवशी पाट तुझ्या अंगणात!"

सटवाजी तोंड पाडून घरी आला. त्याची लेक ठकू चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, ज्याची जागा तोच ओरडणार. मग बिनमालकाची जागा बघायची."

"बिनमालकाची? अगं, या राज्यात उकिरड्यालाही तीन वारस असतात!"

"तेच म्हणते मी! जिथे वारस फार, तिथेच जागा ओस."

ठकूच्या डोळ्यांपुढे होती बोरवंडी आणि तळेवंडी या दोन गावांमधली शिवेची पट्टी. तीन पिढ्या दोन्ही गावं तिच्यावरून भांडत होती. नांगर कुणाचाच लागला नव्हता, नुसती कुसळं माजली होती. रीत अशी, की शिवेवर हक्क सांगणाऱ्याने तिथलं ढेकूळ डोक्यावर घेऊन शीव चालून दाखवायची. ढेकूळ उचलायला जो कचरला, त्याचा हक्क कायमचा सुटला. पण इथे दोन्ही पाटील एकदमच ढेकूळ उचलत आणि अर्ध्या वाटेत डोकी फुटत.

दुसऱ्या दिवशी ठकू घागर घेऊन तिथे गेली. खड्डा खणून पाणी ओतलं. पदर खोचेपर्यंत खड्डा कोरडा! आसपास विहीर नाही, उतारही हौदांकडून इकडेच. ती तशीच राजाकडे गेली आणि म्हणाली, "महाराज, उद्या शिवेवर या. तंटा तोडा आणि जागाही बघा."

तिसऱ्या दिवशी राजा घोड्यावरून आला. त्याच्या सांगाव्यावरून बोरवंडीचे रायाजी पाटील आणि तळेवंडीचे हैबती पाटील मोठमोठे पटके बांधून, ढेकळांपाशी टपून उभे होते.

ठकू पुढे झाली. "एकच सांगते, पाटील. शीव ज्या गावाची ठरेल, सात हौदांचं सांडपाणी त्या गावाच्या गळ्यात. कायमचं!"

रायाजींचे हात ढेकळावरच थांबले.

"हैबतराव," ते गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही वडीलधारे. मान तुमचा."

"छे छे! रायाजीराव, शीव तुमच्या आजोबांचीच होती म्हणतात."

"कोण म्हणतं? साफ खोटं!"

"मग आमची म्हणणारा तरी कोण मेला!"

ढेकूळ काही हललं नाही. राजाने रीतीप्रमाणे दोघांचाही हक्क सुटल्याचं जाहीर केलं आणि गरजला, "इथे पाणी नको म्हणणारा कुणी आहे?"

कुणीच बोलेना. बोलावं, तर शीव गळ्यात पडायची! सटवाजीने तेवढ्यात डोळे पुसून घेतले. त्याचं अंगण वाचलं होतं.

पाणी सुटलं. चार महिन्यांत पट्टीवर कमरेएवढं गवत डोललं. पागेसाठी बारा कोसांवरून येणाऱ्या वैरणीच्या गाड्या बंद झाल्या. आणि एका सकाळी दोन्ही पाटील दरबारात हजर!

"महाराज, शीव आमची! ढेकूळ आत्ता उचलतो!"

"आमची! आम्ही दोन उचलतो!"

राजाने ठकूला बोलावलं. ती म्हणाली, "सुटलेला हक्क परत हवा? उचला की! फक्त उद्यापासून सातही हौदांचा गाळ उचलणाऱ्याच्या गावाने उपसायचा. आणि पहिली पाटी पाटलांच्या डोक्यावर."

रायाजी हैबतींकडे वळले. "मान तुमचा."

"मी तर सहज आलो होतो, महाराजांची तब्येत विचारायला!" म्हणत हैबती दाराकडे सरकले. मागोमाग रायाजीही.

राजा खूश झाला. "ठकू, ती पट्टी आजपासून तुला इनाम!"

"नको, महाराज!" ठकूने हात जोडले. "ती माझी झाली, की 'इथे पाणी नको' म्हणायला माणूस तयार झालं. आणि मी भांडायला बसले, की दोन्ही पाटील परवडले!"

राजा इतका हसला, की त्याला सिंहासनाचा हात धरावा लागला. मग त्याने मनगटातलं सोन्याचं कडं काढून ठकूच्या ओंजळीत टाकलं, आणि सातही हौदांची कारभारीण म्हणून तिच्या नावाची दवंडी पिटवली.